एटीव्हीच्या टायरमधून हळूहळू जाणारी हवा: आधी जागा शोधावी, मग उपाय ठरवावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एटीव्ही, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणारी मऊ टायरची चारचाकी, चार वर्षांची आहे, टायर ट्यूबलेस आहेत आणि चारही चाकांत ५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा ठेवली जाते. मागचे डावे चाक मात्र तीन-चार दिवसांत निम्म्यावर येते. टायर टणक फुगवून त्यावर साबणाचे पाणी फिरवले, तरी कुठेही बुडबुडे दिसले नाहीत आणि खिळा किंवा काटाही सापडला नाही. तेव्हा आता आत सीलंट, म्हणजे भोके बुजवणारे द्रव मिश्रण, ओतावे, ट्यूब घालावी की टायरच बदलावा, असे आपण विचारले आहे.

या तीन पर्यायांपैकी एकही मी आज सुचवणार नाही, कारण हवा नेमकी कुठून जाते हे अजून कळलेले नाही. आपल्या प्रश्नातले ‘टणक फुगवून’ हे दोन शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. गळती सापडत नाही म्हणून माझ्याकडे चाक घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी नेमके हेच केलेले असते, आणि बऱ्याचदा त्या टणक फुगवण्यामुळेच गळती लपलेली असते.

मोटारीच्या टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास हवा असते. टायरची जी तारेने बळकट केलेली कडा रिमवर बसते, तिला बीड म्हणतात. आतली हवा ही बीड रिमच्या उभ्या काठावर सतत दाबून धरते आणि त्यातून हवाबंद सांधा तयार होतो. एटीव्हीमध्ये हाच सांधा अवघ्या ४-५ पीएसआयवर टिकवावा लागतो. इतका कमी दाब हा दोष नव्हे. होंडाने १९७० साली यूएस ९० ही तीनचाकी बाजारात आणली तेव्हापासून या वाहनांची सारी कल्पनाच मऊ, फुगीर टायरवर उभी आहे. तसा टायर वाळूत आणि चिखलात सहसा रुतत नाही आणि खडबडीत जमिनीचे धक्के स्वतःच पचवतो. पण त्याचा ताण बीडवर येतो. वळताना किंवा दगडावर चढताना टायर एका बाजूला दबतो, बीड क्षणभर काठापासून सुटते, थोडी हवा बाहेर पडते आणि त्याच फटीतून बारीक वाळू, चिखल किंवा गवताची काडी आत शिरते. बीड पुन्हा जागेवर बसते, पण आता तिच्याखाली कचरा असतो. एका चाकातून मी आगकाडीहून बारीक असा वाळक्या गवताचा एकच देठ काढला होता, आणि तेवढ्यानेच ते चाक दर आठवड्याला बसत होते.

आता दाब वाढवला की काय होते ते पाहा. टायरला आरपार भोक असेल, तर दाब वाढताच हवा अधिक जोराने बाहेर पडते आणि बुडबुडे लवकर दिसतात. बीडची गळती मात्र पुष्कळदा उलट वागते. आतला दाब वाढला की बीड काठावर अधिक जोराने दाबली जाते, कचऱ्याभोवतीची फट मिटते आणि हवा जायची थांबते. तपासताना चाक निर्दोष दिसते. मग हवा कमी करून ते पुन्हा ५ पीएसआयवर आणले की गळती सुरू होते. म्हणून तपासणी दोन दाबांवर करावी: आधी रोजच्या वापराच्या दाबावर आणि मग, टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत राहून, त्याहून जास्त दाबावर. कमी दाबावर आलेले बुडबुडे जास्त दाबावर थांबले, तर दोष बीडचा आहे असे मी जवळजवळ खात्रीने सांगतो. बुडबुडे दोन्ही वेळा आले आणि दाबाबरोबर वाढले, तर भोक, व्हॉल्व्ह किंवा रिमचा जोड यांकडे वळावे.

आपल्या चाकात गळती आहे याविषयी शंका नाही, कारण बाकीची तीन चाके ठीक आहेत. तरीही मोजमापाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मोटारीसाठी वापरतात ते हवेचा दाब मोजण्याचे गेज ५ पीएसआयवर भरवशाचे नसते. त्याच्या पट्टीचा अगदी तळाचा भाग आपण वाचत असतो आणि तिथे गेजची चूक मूळ आकड्याच्या जवळपास जाऊ शकते. शून्य ते १० किंवा शून्य ते १५ पीएसआय दाखवणारे कमी दाबाचे गेज घ्यावे आणि दर वेळी तेच वापरावे. दुसरी गोष्ट तापमानाची. गेजवरच्या ५ पीएसआयमध्ये बाहेरच्या हवेचा १४.७ पीएसआय दाब मिळवला की समुद्रसपाटीला आतला पूर्ण दाब १९.७ होतो, आणि तापमानाचा परिणाम या पूर्ण दाबावर होतो. २० अंश सेल्सिअसला भरलेले चाक १० अंशांपर्यंत थंड झाले, तर एक कणही हवा न जाता गेज सुमारे ०.७ पीएसआय कमी दाखवते, म्हणजे जवळजवळ १३ टक्के घट. मोटारीच्या ३२ पीएसआयमध्ये तेवढ्याच थंडीने सुमारे १.६ पीएसआयची, म्हणजे केवळ ५ टक्क्यांची घट होते. त्यामुळे दुपारी भरलेले चाक पहाटे मोजून काढलेला निष्कर्ष फसवा असतो. नोंद रोज एकाच वेळी, वाहन चालवण्यापूर्वी करावी.

प्रत्यक्ष तपासणीची सुरुवात मी नेहमी व्हॉल्व्हपासून करतो. ती सर्वांत सोपी जागा आहे आणि तिथे दोष निघाला तर टायर उघडावाच लागत नाही. टोपी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या दाट पाण्याचा थेंब ठेवावा. तो फुगू लागला तर आतली पिन सैल आहे किंवा तिच्या सीलवर माती बसली आहे. मग व्हॉल्व्हच्या बुडाशी, जिथे तो रिममधून बाहेर येतो, तिथे पाणी लावून तो बोटाने चारही बाजूंना हळूच वाकवावा. रबर जुने झाले की बुडाशी वर्तुळाकार चिरा पडतात आणि व्हॉल्व्ह सरळ उभा असताना त्या मिटलेल्या राहतात. चालत्या वाहनात झुडपाच्या फांद्या व्हॉल्व्हला वाकवतात तेव्हा त्या उघडतात. ही चाचणी फार थोडे लोक करतात, म्हणून ती इथे मुद्दाम लिहितो.

त्यानंतर चाक काढून आडवे ठेवावे. वाहनावर असताना चाकाची आतली बाजू नीट दिसत नाही आणि नेमकी तीच बाजू चिखलाने जास्त भरलेली असते. रिम व टायर यांच्या सांध्यावरची माती आधी पाण्याने धुऊन काढावी, नाहीतर माती फेस पिऊन टाकते. मग सांध्याच्या खोबणीत साबणाचे पाणी भरून सावलीत किमान १० मिनिटे थांबावे. ५ पीएसआयवर हवा इतकी सावकाश जाते की मोठे बुडबुडे येत नाहीत. साबणाच्या पातळ थरावर पांढऱ्या बारीक फेसाची एक रेघ किंवा ठिपका हळूहळू उमटतो. घाईने पाणी फिरवून लगेच पाहणाऱ्याला तो दिसत नाही. एक बाजू झाली की खडूने खूण करून चाक उलटावे आणि दुसरी बाजूही तितकीच सावकाश पाहावी. पाण्याचे टाके उपलब्ध असेल तर उत्तम, पण असा टायर जोराने तरंगतो आणि तो दाबून धरताना होणाऱ्या हालचालीत बारीक बुडबुडे हरवतात. काही गळत्या चाकावर वाहनाचा भार असतानाच उघडतात. म्हणून सुट्या चाकात काही सापडले नाही, तर ते वाहनाला लावून, जमिनीवर टेकवून, खालच्या भागाशी पुन्हा साबणाचे पाणी लावावे.

टायरच्या नक्षीत अडकलेला काटा किंवा तार दिसली, तर ती लगेच उपटू नये. सुरुवातीच्या काळात मी एक जाड काटा दिसताच काढला, भोक रुंद करून त्यात प्लग, म्हणजे रबरी बूच, बसवला आणि चाक परत दिले. दोन दिवसांनी ते तसेच बसले. तो काटा आरपार गेलाच नव्हता. गळती बीडची होती आणि मी मात्र चांगल्या टायरला एक भोक पाडून ठेवले होते. तेव्हापासून संशयित वस्तूभोवती आधी साबणाचे पाणी लावतो, बुडबुडे आले तरच ती काढतो आणि काढण्यापूर्वी जागेवर खूण करतो.

इथवर क्रम असा झाला: नोंद, व्हॉल्व्ह, दोन दाबांवर दोन्ही बाजूंची बीड आणि शेवटी नक्षी. पुढचा उपाय काय सापडते यावर तर अवलंबून आहेच, शिवाय रिम लोखंडी आहे की अॅल्युमिनियमची, टायर किती जुना आहे आणि वाहन कुठल्या जमिनीवर चालते यांवरही अवलंबून आहे. आपल्या वर्णनावरून माझा संशय बीडवर अधिक असल्याने तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

बीड सोडवण्यापूर्वी व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढून हवा शून्यावर आणावी. रिम दोन भागांची, बोल्टने जोडलेली असेल, तर हवा पूर्ण गेल्याशिवाय एकाही बोल्टला पाना लावू नये. बीड सोडवण्याचे साधन नसेल, तर हे काम टायरवाल्याकडून करून घेणे श्रेयस्कर. पहारीने जबरदस्ती केली की बीडचे रबर फाटते किंवा रिमच्या काठाला खाच पडते, आणि मग मूळ गळतीपेक्षा मोठी गळती कायमची मिळते. बीड सुटल्यावर आधी ती नीट पाहावी. खूण केलेल्या जागेपाशी वाळू, काडी किंवा सुकलेला चिखल बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतोच. लोखंडी रिमवर गंजाचे पोपडे आणि अॅल्युमिनियमच्या रिमवर पांढरी भुकटी दिसते. दोन्ही प्रकारांत रिमचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि कमी दाबाची बीड त्या खडबडीत भागावर घट्ट बसू शकत नाही.

लोखंडी रिम तारेच्या ब्रशने आणि नंतर पॉलिश पेपरने घासावी. अॅल्युमिनियमला तारेचा ब्रश न लावता बारीक पॉलिश पेपर किंवा घासणीची जाळी वापरावी. घासण्याची दिशा नेहमी रिमच्या गोलाईने असावी. आडवे ओरखडे पडले, तर आतून बाहेर जाणारा प्रत्येक ओरखडा हवेसाठी बारीक पाट ठरतो. उघड्या पडलेल्या लोखंडावर गंजरोधक रंगाचा पातळ हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा, कारण ओल्या रंगाला बीड चिकटते. टायरची कडा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून कोरडी करावी. खोल खड्डे नसतील तर एवढ्यावर काम होते. किरकोळ खड्डे असतील तर बीड सीलर नावाचे काळे, रबरासारखे द्रावण रिमच्या बैठकीवर पातळ लावावे. जाड थराने बीड तिरकी बसते आणि पुढच्या वेळी टायर सोडवणे कठीण होते. ग्रीस किंवा तेल मात्र कदापि लावू नये. ते रबराला मारक असते आणि ५ पीएसआयवर टायर रिमवर घसरू शकतो.

टायर परत बसवताना बीडला साबणाचे पाणी लावावे आणि पिन न घालता कॉम्प्रेसरची हवा सोडावी, म्हणजे ती वेगाने आत जाते. बाजू आत दबलेल्या असतील, तर टायरच्या परिघाभोवती पट्टा आवळल्याने बीड बाहेर सरकते. टायर उन्हात तापवून मऊ केला तरी मदत होते. बीड बसवण्यासाठी किती दाब चालतो ते टायरवर छापलेले असते आणि त्यापुढे जाऊ नये. त्या दाबावर बीड बसली नाही तर हवा सोडून, पुन्हा साबण लावून, टायर थोडा फिरवून प्रयत्न करावा. दाब वाढवत जाणे हा मार्ग नव्हे. ज्वलनशील फवारा आत मारून पेटवण्याचा प्रकार काही जण करतात. त्याने टायर फुटून माणसे जखमी होतात, तेव्हा तो मनातही आणू नये. बीडजवळ टायरवर एक उठावाची गोल रेघ असते. ती रिमच्या काठापासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली, म्हणजे बीड नीट बसली. मग पिन घालून दाब ५ पीएसआयवर आणावा.

दोष व्हॉल्व्हच्या पिनेचा निघाला तर नवी पिन घालणे हे काही मिनिटांचे काम आहे. ती हलक्या हाताने आवळावी, जोर केल्यास सील चिरते. बुडाशी चिरा असतील तर बीड एका बाजूने सोडवून संपूर्ण व्हॉल्व्ह बदलावा लागतो. ११.५ मिलिमीटरच्या भोकासाठी टीआर ४१२ आणि टीआर ४१३ हे दोन प्रकार प्रचलित आहेत. यांपैकी ४१२ आखूड असल्याने फांद्यांत अडकत नाही, आणि रिमच्या रचनेमुळे हवा भरायला अडचण येत नसेल तर मी तोच पसंत करतो. बीडच्या कामासाठी टायर उघडलाच असेल तर व्हॉल्व्ह चांगला दिसत असूनही बदलून टाकावा.

नक्षीत भोक निघाले तर आतून पॅच आणि देठ एकत्र असलेला मशरूम पॅच हा माझ्या दृष्टीने पक्का उपाय आहे. त्यासाठी आतला भाग घासून, सोल्यूशन लावून, ते चिकट होईपर्यंत वाळू द्यावे लागते. बाहेरून भरायची रबरी दोरीही एटीव्हीच्या कमी वेगात पुष्कळ काळ टिकते, पण पातळ, दोन प्लायच्या, म्हणजे धाग्यांच्या दोनच थरांच्या टायरमध्ये दोरीला धरून राहायला रबराची जाडी कमी मिळते. बाजूच्या भिंतीवरच्या भोकात दोरी घालून घरापर्यंत यावे, त्यापुढे तिच्यावर विसंबू नये. कमी दाबामुळे ती भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि दुरुस्ती सैल होते.

सीलंटविषयी आपण थेट विचारले आहे. ग्लायकॉलसारख्या द्रवात तंतू आणि रबराचे कण मिसळलेले हे मिश्रण चाक फिरताना बाहेर फेकले जाऊन नक्षीच्या आतल्या बाजूला पसरते, आणि म्हणूनच काट्यांनी पडलेल्या असंख्य बारीक भोकांवर ते खरोखर उपयोगी आहे. बीड मात्र रिमजवळ, आतल्या परिघावर असते. चाक फिरत असताना सीलंट तिच्यापासून दूरच जाते. शिवाय ते एकदा ओतले की पुढे पॅच चिकटत नाही, पिन चोंदते आणि टायर उघडणाऱ्याला आधी सगळे धुवावे लागते. काटेरी रानात रोज चालणाऱ्या वाहनात मी स्वतः सीलंट घालतो, पण गळतीची जागा माहीत नसताना ते घालणे मला मान्य नाही. डब्यातून फवारून हवा भरणारे काही सीलंट ज्वलनशील वायूवर चालतात. असे काही आत मारले असेल, तर टायर उघडणाऱ्याला ते आधी सांगावे.

ट्यूबचा पर्याय मी रिम खड्ड्यांनी खराब झालेली असेल, दुसरी मिळत नसेल आणि काम संथ असेल तेव्हाच देतो. कमी दाबावर टायर रिमवर किंचित सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि तिचा व्हॉल्व्ह बुडाशी फाटतो. मग हवा हळूहळू न जाता एकदम जाते. टायर बदलण्याची वेळ कडा फाटलेली असेल, आतले धागे दिसत असतील किंवा बाजूंवर उन्हाने पडलेल्या चिरा खोल गेल्या असतील तेव्हा येते. चार वर्षांचा टायर केवळ वयामुळे टाकून देण्याचे कारण नाही.

दुरुस्तीनंतर मागच्या दोन्ही चाकांत दाब अगदी सारखा ठेवावा. ५ पीएसआयमध्ये एका पीएसआयचा फरक म्हणजे पाचवा हिस्सा. तेवढ्याने चाकाची उंची बदलते आणि वाहन एका बाजूला ओढते. मग चार दिवस सकाळी मोजून आकडे लिहून ठेवावेत. बीड स्वच्छ करून आणि व्हॉल्व्ह बदलूनही दाब उतरत राहिला, तर रिमच्या जोडावर, म्हणजे मधली तबकडी आणि बाहेरचे कडे जिथे वेल्ड केलेले असते तिथे, साबणाचे पाणी लावून पाहावे. आपटलेल्या लोखंडी रिममध्ये तिथे केसाएवढी भेग असते आणि ती वरच्या रंगाखाली दडते. अशी भेग वेल्ड करून घ्यायची असेल तर टायर रिमवरून पूर्ण उतरवूनच द्यावा. टायर चढवलेला असताना, हवा काढलेली असली तरी, रिमला वेल्डिंगची उष्णता दिल्यास टायर आतून तापून स्फोटासारखा फुटू शकतो.